सासूबाईंच्या नावाचं झाकण

माझं तोंड फटकळ आहे, हे सुलतानपुरात कोणाला नव्यानं सांगावं लागत नाही. कोथिंबीर-वांगी घ्यायला दारी येणाऱ्या बाया आधी माझा आवाज ऐकतात आणि मग माझं तोंड बघतात. आमचे मालक म्हणतात, "हिले फोन कशाले पाह्यजे? ओसरीत उभी राह्यली तं लोणारले ऐकू जाते." हसायला ठीक आहे. पण याच तोंडापायी एका परक्या पोरीचं वर्षाचं काम वाया जाता जाता राहिलं. ते आठवलं की आजही मी जीभ चावते.

पोरगी झांझिबारची. ते कुठं असतं हे मालकांनी मला नकाशावर दाखवलं, आफ्रिकेच्या कडेला समुद्रात टिकलीएवढं बेट. तिच्या देशात, बेटापलीकडच्या जमिनीवर, लोणारसारखीच खाऱ्या, बुळबुळीत पाण्याची तळी आहेत म्हणे. म्हणून शिकायला ती आपल्याकडे आली, आणि दर महिन्याला सरोवराचं आणि आजूबाजूच्या विहिरींचं पाणी, रोज एका जागेचं असं, बाटल्यांत भरून तपासायची. असं जून ते मे, बारा महिने. एकही महिना चुकून चालत नाही, नाहीतर सगळं वर्ष फुकट.

आमची तिची पहिली भेटच भांडणाची. मळ्यातल्या विहिरीत ती दोरीला बाटली बांधून सोडत होती आणि मी वांग्याच्या ओळीतून ओरडले, "कोन वं तू? आमच्या हिरीत काय टाकून राह्यली?"

ती घाबरली, पण हसली. मोडक्या हिंदीत म्हणाली, "टाकत नाही मौसी, काढते."

आठ दिवसांनी ती आमच्या माडीवरच्या खोलीत राहायला आली. सोबत दोन बॅगा आणि एक छोटा फ्रीज. फ्रीजमध्ये खाणंपिणं काही नाही, नुसत्या सरोवराच्या पाण्याच्या बाटल्या. रोज सकाळी जिना उतरताना ती मला म्हणायची, "शिकामू, मावशी." त्यांच्याकडे मोठ्यांना असंच म्हणतात. अर्थ विचारला तर म्हणाली, तुमचे पाय धरते. हात न लावता नुसत्या शब्दानं पाया पडायचं. आणि मोठ्यानं उत्तर द्यायचं, "मरहबा." मी ते शिकून घेतलं. फाल्गुन येईपर्यंत आमच्या घरात तिची मराठी आणि माझं मरहबा, दोन्ही बरं चालायला लागलं होतं.

तर फाल्गुनात एक दिवस ती खाली आली. "मावशी, उद्यापासून माझा रोजा. एक महिना उपास."

उपास हा शब्द तिनं माझ्याकडूनच उचललेला, दर एकादशीला ऐकून ऐकून.

"महिनाभर? अवं माय, वाळून चिपाड होशीन ना!"

आता रोजा मला माहीत नव्हता असं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून दर ईदेला गावातल्या ओळखीच्या घरांतून शिरखुर्मा येतो, तो वाट्या चाटून खाल्ला. पण त्या शिरखुर्म्याच्या आधी महिनाभर त्या घरांत दिवसा काय असतं, हे बघायला मी कधी गेले नाही आणि कोणाला विचारलंही नाही. माझ्या डोक्यात उपास म्हणजे साबुदाणा. ज्याला उपास, त्याला अकरा-साडेअकराला फराळ. यात विचारायचं काय?

मी कंबर कसली. रोज अकराला ताटली वर. कधी साबुदाण्याची उसळ, कधी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, कधी रताळ्याचा कीस, सोबत राजगिऱ्याचा लाडू. मीठसुद्धा उपासाचं. होळीला घरात पुरणपोळी झाली. तुपाचा वास माडीवर गेलाच असणार, पण मी तिला भगरच दिली. तिचं व्रत माझ्या हातून मोडायला नको!

मालक एकदा म्हणाले, "तिले इचार तं एकडाव. हे चालते का तिच्यात?"

"साबुदाणा कोनाले चालत नाही?" मी म्हटलं आणि विषय संपवला.

ती दारात यायची, दोन्ही हातांनी ताटली घ्यायची, "धन्यवाद मावशी" म्हणायची आणि दार लोटायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटली घासूनपुसून पायरीवर. माझा जीव सुखावायचा. काय गुणाची पोर!

ताटलीवरचं झाकण सासूबाईंचं. स्टीलचं, जड, एका कडेला पोचा आलेलं. त्यांच्या काळी भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव टाकून घ्यायचे, तसं त्यावर ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं नाव कोरलेलं आहे. सासूबाईंच्या आणि माझ्या तोंडाची जुगलबंदी गल्लीनं वीस वर्षं फुकटात ऐकली. त्या जाऊन सहा वर्षं झाली. बाकीची भांडी जावांनी वाटून नेली आणि झाकण माझ्याकडे राहिलं, कारण त्याचं खालचं भांडंच हरवलेलं. पोरगी तेव्हा मराठी अक्षरं शिकत होती. एकदा तिनं झाकणावर बोट फिरवत नाव वाचलं, एकेक अक्षर जुळवून. मी म्हटलं, "हाव, बरोबर वाचलं." माझा सगळा डोळा कढईवर.

असे वीसेक दिवस झाले असतील. एका संध्याकाळी शेजारी कढी द्यायची होती आणि नेमकं झाकण हवं होतं. म्हटलं, सकाळपर्यंत कशाला थांबायचं, आपणच आणू. वर गेले. सूर्य नुकताच बुडालेला. दार उघडं. पोरगी खाली बसलेली, पुढ्यात खजूर, केळं आणि कागदावर दोन कचोऱ्या. मी झाकण मागितलं तशी ती उठली आणि तिनं फ्रीज उघडला. त्या बाटल्यांच्या रांगेत माझी ताटली! वर सासूबाईंचं झाकण. मी पुढं होऊन उचललं. उसळ जशीच्या तशी, तिला बोटसुद्धा लागलेलं नाही.

झालं. माझं डोकं सटकलं.

"उपास हाये म्हनते अन् कचोऱ्या खाते? अन् माझं ताट असं फ्रीजात फेकते? रोजच असं करते का तू? मी का येडी हाये का, रात्री साबुदाणा भिजू घालून राह्यली ते?"

तिनं फ्रीजचं दार लोटलं. "मावशी, ते ताट…"

"राहू दे! ज्याले अन्नाची कदर नाही, त्याले माझ्या घरचं अन्न नाही."

ताटली, झाकण सगळं उचललं आणि खाली आले. जिन्यात माझे पाय असे वाजले की मालकांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

दुसऱ्या दिवसापासून ताटली बंद. बोलणंही बंद. ती मात्र रोज सकाळी जिना उतरताना म्हणायचीच, "शिकामू, मावशी." मी चुलीवरच्या भाकरीकडे बघत राहायचे. मरहबा म्हणायचे नाही. ती अर्धा मिनिट थांबायची, मग बाटल्यांची पिशवी खांद्याला लावून काळीपिवळी जीप पकडायला जायची. तिचा चेहरा उतरलेला दिसायचा. मला वाटायचं, फुगली आहे. फुगू दे.

असे आठ दिवस गेले. पाडव्याच्या आदल्या दिवशी मालक मळ्यातून आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "पोरगी चालली."

"कुठं?"

"तिच्या गावाले. आई म्हने, ईद झाली की वापस ये. मले इचारत होती, जालन्याले गाडी किती वाजता हाये."

"अन् तिचं पाणी?"

"दोन महिन्याचं राह्यलं ना. वर्ष पुरं नाही झालं तं मागचं दहा महिन्याचंही कामाचं नाही म्हने."

मी म्हटलं, "जाऊ द्या." पण दहा महिने मी त्या पोरीला उन्हापावसात ती सरोवराची खोल उतरण उतरायला घरून निघताना पाहिलं होतं. एकदा तर ताप अंगात घेऊन गेली होती, कारण तारीख चुकवायची नव्हती. आणि आता सगळं सोडून जाणार? माझ्या चार शब्दांनी? छे, एवढं कोण मनाला लावून घेतं, असं मी स्वतःलाच सांगत होते आणि मला ते पटत नव्हतं.

त्याच दुपारी बांगडीवाली आली. गावातलीच, मुसलमान, माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी. दर सणाला आमच्या गल्लीतल्या बायांचे हात तीच भरते. तिनं माझा हात धरून बांगड्या चढवायला घेतल्या आणि मी माझं गाऱ्हाणं चढवायला घेतलं. रोज अकराला ताटली, आणि पोरीनं ती कशी फ्रीजात टाकली, आणि वर कचोऱ्या कशा खाल्ल्या, सगळं.

बांगडीवालीचा हात थांबला.

"काय वं बाई, तू तिले रोज्यात अकराले साबुदाणा देत होती?"

"मंग? उपासाले काय मुर्गी देऊ का?"

"अवं बाप्पा! रोज्यात पाण्याचा घोट चालत नाही, साबुदाण्याचं काय घेऊन बसली! दिवस निघायच्या पहिले खायचं, त्याले सहरी म्हनतात. मंग दिवस बुडेलोक काहीच नाही. दिवस बुडाला की मंग काहीही खा, कचोरी खा नाही तं पोळी खा."

"मंग माझी उसळ फ्रीजात काऊन ठेवली?"

"पहाटंसाठी ठेवली असन, अजून कशाले? परक्या घरात पहाटं चारले कोन चूल पेटवते? तुझंच ताट खाऊन रोजा धरत असन बिचारी."

एका हातात सात बांगड्या भरून झाल्या होत्या, दुसरा हात मोकळाच. तशीच उठले आणि जिना चढले. मागून बांगडीवाली ओरडत होती, "अवं, हात तं भरून घे!"

पोरगी थर्मोकोलच्या पेटीत बाटल्या रचत होती. मी दारातच उभी राहिले.

"तू ते ताट पहाटं खात होती?"

तिनं मान हलवली. "हाव."

"रोज?"

"रोज."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"आमच्याकडे कोणी जेवण आणून दिलं तर वेळ नाही विचारत, मावशी. घेतो. आणि चांगलं होतं. रताळं खूप चांगलं. भगर…" ती थांबली.

"भगर काय?"

"भगर थोडी वाळू."

मला हसू फुटलं. आणि हसतानाच दुसरी गोष्ट लक्षात आली आणि हसू तिथंच गेलं.

"अन् मागचे आठ दिवस?"

ती बाटल्यांकडे बघत म्हणाली, "बिस्कीट. पाणी."

मी खालीच बसले. माझ्या घरात, माझ्या डोक्यावरच्या खोलीत, एक लेकरू आठ दिवस बिस्किटावर रोजा धरत होतं आणि चैत्राच्या तोंडच्या उन्हात ती खोल उतरण उतरून पाणी आणत होतं. आणि मी खाली बसून त्याला फुगलेलं म्हणत होते. मला माझीच लाज वाटली. आयुष्यात मी कोणाची माफी मागितलेली नाही. नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच. त्या दिवशी तिचा हात धरला आणि म्हटलं, "चुकलं वं माय माझं. मी अडाणी, तू काऊन उपाशी राहते?"

ती माझ्याशेजारी बसली. "मी रागात नाही मावशी."

"मंग जाऊ नको."

"आई ऐकत नाही."

"तू सांगतलं का तिले, मावशी बोलली म्हणून?"

"नाही. काहीच नाही सांगितलं. ती रोज विचारते, मावशी कशी आहे. मी म्हणते, ठीक आहे. ती म्हणते, खोटं बोलते. ये."

मला काही उमगेना. मी रागावले हे ठाऊक नसलेली आई पोरीला का बोलावते? चंद्र दिसला तर परवा त्यांच्याकडे ईद, तेव्हा आईचा फोन येणार होता, तोंड दिसणारा. मी म्हटलं, मला बोलू दे.

पाडव्याला गुढी उभारली, पुरणपोळी केली आणि दिवस बुडाल्याबरोबर चार पोळ्या तुपात बुडवून वर दिल्या. झोपायच्या आधी पहाटेची ताटलीही ठेवून आले, पण साध्या वाटीनं झाकून, कारण त्या दिवशी कढीवर गेलेलं सासूबाईंचं झाकण अजून शेजारून परत यायचं होतं.

तिकडे चंद्र एक दिवस आधी दिसला, त्यामुळं बुधवारी झांझिबारात ईद आणि आमच्याकडे शेवटचा रोजा. पोरीच्या घरी सगळे गोडधोड खात होते आणि ती इथं तोंडात पाणीही न घेता माझ्याशेजारी बसलेली. साडेअकराला फोन वाजला. मी पाडव्याचं नवं लुगडं नेसून तिच्या खोलीत बसले होते. सकाळीच शेजारून झाकण आणून ओट्यावर ठेवलं होतं.

पडद्यावर आई आली. भरल्या अंगाची, फुलाफुलांच्या ओढणीची, पंचावन्नच्या पुढची बाई. मागं ताटं वाजत होती, बाया हसत होत्या. आणि माझी, सुलतानपुरातल्या एक नंबरच्या तोंडाळ बाईची, जीभ टाळूला चिकटली. पोरगी कोपरानं ढोसत होती. काय बोलावं? शेवटी जे येत होतं तेच बोलले.

"शिकामू."

मागचे आवाज थांबले. आईनं ओढणी सारखी केली. मग हळूच म्हणाली, "मरहबा."

तिथून माझी जीभ सुटली. साबुदाण्यापासून कचोरीपर्यंत सगळं सांगितलं, माझ्या भाषेत, काही न लपवता. माझं तोंड, माझा राग, बिस्किटांचे आठ दिवस. पोरगी तिच्या भाषेत सांगत गेली. माझं पाच मिनिटांचं तिनं एका मिनिटात उरकलं, काय गाळलं देव जाणे. आई हसली नाही, रागावलीही नाही. तिनं एकच काहीतरी विचारलं.

पोरगी माझ्याकडे वळली. "आई म्हणते, झाकण दाखवा."

"काय?"

"ताटावरचं झाकण. नाव असलेलं."

मी धावत खाली गेले आणि झाकण आणून फोनपुढं धरलं. आई पडद्याजवळ आली. तिनं त्या नावावरून बोट फिरवलं, तिकडून, समुद्रापलीकडून. तिचे डोळे भरले. मग ती बोलत राहिली आणि पोरगी मला थांबत थांबत सांगत राहिली.

पोरगी रोज पहाटे खाण्याआधी ताटाचा फोटो आईला पाठवायची. आई तिकडे सहरीला उठली की आधी फोनमधलं झाकण बघायची. पहिल्यांदाच रमजानात लेक घराबाहेर, आणि तेही परक्या मुलखात. पण झाकण दिसलं की तिला वाटायचं, कोणीतरी तिच्या पोरीच्या पहाटेची काळजी घेतं आहे. झाकणावर काय लिहिलं आहे, हे तिनं विचारून घेतलं होतं. आणि ते नाव घेऊन ती रोज त्या बाईसाठी दुआ मागायची. मग एक दिवस झाकण दिसेना. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. लेक म्हणायची, मावशी ठीक आहे. पण तिला वाटलं, लेक लपवते आहे.

"आईला वाटलं," पोरगी म्हणाली, "तुम्ही वारल्या."

"मी?"

"हाव. या नावाची बाई गेली, मग त्या घरात आपल्या मुलीला कोण बघणार? म्हणून म्हणत होती, ये."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. म्हटलं, "सांग तिले, या नावाची बाई खरंच गेली. सहा वर्षं झाली. ते माझ्या सासूचं नाव हाये! रोज जे मागतलं ते सगळं म्हातारीच्या खात्यात गेलं! जिवंतपणी मले एक वाटी सुखानं खाऊ दिली नाही, अन् मेल्यावर माझी दुआबी घेऊन गेली!"

पोरीनं ते सांगितलं. ती बाई अशी हसली की मागच्या बाया काय झालं म्हणून पडद्यात डोकावल्या. हसता हसता तिनं ओढणीनं डोळे पुसले. मग मला सरळ विचारलं, तुमचं नाव काय? मी सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं, बरोबर म्हणेपर्यंत सोडलं नाही. आणि लेकीला काहीतरी दोन शब्दांत बोलली.

पोरगी माझ्या गळ्यात पडली. मला अर्थ विचारायची गरज पडली नाही. ती राहणार होती.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडची ईद. माझ्या घरच्या, खाटेवर वाळवलेल्या शेवया मी नारळाच्या दुधात केल्या, साखर-वेलची घालून, तिची आई करते तशा, तिनंच फोनवर सांगितल्याप्रमाणं. बांगडीवाली सकाळीच आली आणि पोरीला आपल्या घरी घेऊन गेली, चार बायांत नमाजाला. जाण्याआधी तिनं माझा दुसरा हात भरला आणि पोरीचे दोन्ही. दुपारी पोरगी तिकडचा शिरखुर्मा घेऊन परत आली, आमच्या शेवयांची वाटी घेऊन बसली आणि चाटूनपुसून खाल्ली. मालक म्हणाले, "आता हिच्या तोंडाले कोनीतरी कुलूप लावा, म्हनजे पोरगी जूनलोक टिकन." मी त्यांच्या वाटीत आणखी शेवया वाढल्या. एवढं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

ईदनंतर तिचे आणखी सहा रोजे असतात, हे मला ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं तसं मी म्हटलं, ताट आता संध्याकाळीच देते, ताजं. ती म्हणाली, नको मावशी, अकरालाच द्या, सवय झाली. फक्त भगर नको.

तशी पहिल्या दिवशी अकराला मी उसळ वर नेली, सासूबाईंचं झाकण घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिना उतरली, शिकामू म्हणाली, मी मरहबा म्हटलं, आणि तिनं फोन माझ्या कानाला लावला. आईनं फोटो पाहून आवाज पाठवला होता. त्या सगळ्या अनोळखी शब्दांत मला दोनच ओळखू आले. आधी सासूबाईंचं नाव, आणि लगेच त्याच्यामागं माझं.